बोलपट आला तेव्हा : तीन कंपन्या, एक धक्का

१९३७ साली 'साध्वी मीराबाई' नावाचा एक बोलपट पडद्यावर आला. मीराबाईच्या भूमिकेत बालगंधर्व होते. त्यांचे वय तेव्हा पन्नाशीला टेकलेले. दिग्दर्शन होते बाबूराव पेंटर यांचे. गंधर्व नाटक मंडळीच्या 'अमृतसिद्धी' या नाटकावरून तो बेतला होता, आणि बेतला म्हणण्यापेक्षा नाटकच कॅमेऱ्यासमोर उभे केले होते म्हणावे, इतका तो रंगमंचाला धरून होता. तो चालला नाही.

मराठी चित्रपटाच्या इतिहासात या बोलपटाला एखादे वाक्य मिळते, फार तर दोन. मला मात्र गेली काही वर्षे हाच बोलपट सतावतो आहे. कारण या एका निर्मितीत दोन माणसे एकत्र आली होती, आणि दोघेही आपापल्या क्षेत्रातले सर्वश्रेष्ठ. एकाने मराठी संगीत रंगभूमीला कळस चढवला, दुसऱ्याने कोल्हापुरात स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवून चित्रपट काढले. योगायोग असा की दोघांच्याही उपाधीशी लोकमान्य टिळकांचे नाव जोडलेले आहे. नारायण श्रीपाद राजहंसांना 'बालगंधर्व' त्यांनी म्हटले असे सांगतात, आणि 'सैरंध्री' पाहून पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हटले तेही त्यांनीच. दोघेही प्रचंड मेहनती, दोघांच्याही हाताखाली माणसे घडली. आणि तरीही १९३१ नंतरच्या सहा वर्षांत दोघांच्याही कंपन्या संपल्या होत्या.

त्याच सहा वर्षांत, त्याच दोघांच्या अंगणात खेळलेल्या पोरांनी काढलेली तिसरी कंपनी बहरात होती. 'साध्वी मीराबाई' आला त्याच वर्षी प्रभातचा 'संत तुकाराम' व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला.

याचे कारण विचारले की ठरलेले उत्तर येते. पेंटर आणि बालगंधर्व जुन्या काळातले, शांतारामबापू नव्या काळातले. त्यांना दूरदृष्टी होती, यांना नव्हती. हे उत्तर मीही कित्येक वर्षे देत होतो. आता ते मला पटत नाही. का पटत नाही, तेच या लेखात मांडायचे आहे.

आधी वयाचे पाहू. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात झळकला. त्या दिवशी बालगंधर्व बेचाळीस वर्षांचे होते आणि बाबूराव पेंटर चाळीस. आणि प्रभातवाले? शांताराम वणकुद्रे तिशीला आलेले, हे खरे. पण विष्णुपंत दामले चाळिशीला टेकलेले, म्हणजे पेंटरांहून जेमतेम दोन वर्षांनी लहान. आणि साहेबमामा फत्तेलाल पंचेचाळिशीच्या घरात, म्हणजे पेंटरांहून आणि बालगंधर्वांहूनही मोठे. ध्वनिमुद्रणाचे नवे शास्त्र मुळापासून शिकून ते प्रभातमध्ये रुजवले ते दामल्यांनी. म्हणजे वयाचा मुद्दा निकालात निघतो.

आता दूरदृष्टीचे. येथे थोडे थांबावे लागेल, कारण बोलपट येणे म्हणजे नेमके काय बदलणे, हे आज आपल्या लक्षात येत नाही. मूकपटाचे चित्रीकरण बहुधा उन्हात होई. वर पांढरे कापड ताणून प्रकाश सौम्य करायचा, कॅमेरामनने हाताने मूठ फिरवायची आणि दिग्दर्शकाने शेजारी उभे राहून ओरडून सूचना द्यायच्या. नटाला मराठी येते की कानडी, याने काही बिघडत नसे. संवादाच्या पाट्या बदलल्या की तोच चित्रपट मराठीत, हिंदीत, गुजरातीत, तमिळमध्ये चाले. कोल्हापुरात काढलेला चित्रपट साऱ्या हिंदुस्थानात जाऊ शके तो या पाट्यांच्या जोरावर.

आवाज आला आणि हे सगळे एका झटक्यात उलटले. कॅमेरा हाताने फिरवून चालेना. त्याला सेकंदाला चोवीस चौकटींची अचूक गती हवी, म्हणजे मोटर हवी. मोटर म्हणजे घरघर. घरघर मायक्रोफोनला ऐकू जाऊ नये म्हणून कॅमेरा पेटीत कोंडायचा, आणि पेटीतला कॅमेरा हलत नाही. बाहेर कावळा ओरडला तरी दृश्य पुन्हा. दिग्दर्शक मुका झाला. पार्श्वगायन अजून यायचे होते, तेव्हा नटानेच गायचे आणि साजिंद्यांनी कॅमेऱ्याच्या नजरेआड, मायक्रोफोनच्या कक्षेत, मिळेल त्या कोपऱ्यात बसून वाजवायचे. त्यात भाषेची भिंत उभी राहिली. मराठीत बोललेला चित्रपट मद्रासेत कोण पाहणार?

बाबूराव पेंटरांना हे सगळे दिसत होते. आवाजाने चित्राची भाषा मारली जाईल, असे त्यांचे मत होते. आणि माझ्या मते ते अगदी बरोबर होते. पहिल्या दोन-तीन वर्षांतले बोलपट म्हणजे बव्हंशी मायक्रोफोनसमोर उभे राहून म्हटलेली नाटके. गाण्यांची रेलचेल आणि ठोकळ्यासारखा कॅमेरा. ज्या माणसाने 'सिंहगड'मध्ये १९२३ साली कृत्रिम प्रकाशाचे प्रयोग केले, ज्याने १९२५ साली 'सावकारी पाश'मध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कहाणी इतक्या साधेपणाने दाखवली की ती पाहिलेले लोक पुढे कित्येक वर्षे तिच्याबद्दल बोलत राहिले, त्याला हा प्रकार बघवणे शक्यच नव्हते. त्यांची दृष्टी अधू नव्हती. उलट ती इतकी तीक्ष्ण होती की नव्या गोष्टीतले नुकसान त्यांना इतरांच्या आधी दिसले.

आणि प्रभातवाल्यांना तरी कुठे काय दिसत होते? १९३१ साल उजाडले तरी ते 'चंद्रसेना'सारखे मूकपटच काढत होते. कुणी द्रष्टा महिनोन् महिने आधीपासून बोलपटाची तयारी करत बसला होता, असे त्यांच्या कामावरून दिसत नाही. धक्का बसला तेव्हा तेही बेसावधच होते. फरक पडला तो धक्का बसल्यानंतरच्या काही महिन्यांत. 'आलम आरा'ला वर्ष व्हायच्या आत, १९३२ च्या सुरुवातीला, 'अयोध्येचा राजा' तयार होता. मराठीत आणि हिंदीतही.

हे कसे जमले? येथे मला माझ्या आयुष्यातला एक तुकडा सांगणे भाग आहे, कारण हा प्रश्न माझ्यापर्यंत पुस्तकांतून आलेला नाही.

१९९०-९२ च्या सुमारास मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम करत असे. खिळ्यांचा छापखाना. तीन जुळारी, दोन ट्रेडल, एक सिलिंडर. आमचे मालक स्वतः पट्टीचे जुळारी होते. जोडाक्षरांच्या केसमधला कोणता खण कुठे, हे त्यांना डोळे मिटून ठाऊक. संगणकावरची जुळणी आली तेव्हा त्यांनी ती भिंगाखाली धरून पाहिली आणि मला म्हणाले, "हे बघ, 'द्ध' तुटलाय. 'ह्म'चं तर मढं केलंय. आणि कागदाला दाब कुठाय? अक्षर कागदावर बसायला पाहिजे, हे नुसतं चिकटलंय." मी बावीस-तेवीस वर्षांचा. मला ते जुन्या खोडासारखे वाटले. बाहेर चहाच्या टपरीवर आम्ही त्यांची नक्कलही करत असू. तीन वर्षांत छापखाना बंद पडला. तिघा जुळाऱ्यांपैकी एकाने पुढे कर्ज काढून स्वतःचे डीटीपीचे दुकान थाटले आणि ते चांगले चालवले. आम्ही एकत्र काम करत होतो तेव्हा मालकांनी त्याला कधी काही विचारले नव्हते. विचारायचे असते, हेच त्या छापखान्यात कुणाला माहीत नव्हते. सगळ्यात चांगला जुळारी मालकच, मग विचारायचे कुणी कुणाला?

मालक जे बोलले ते शब्दशः खरे होते. सुरुवातीच्या संगणकी टंकांतली जोडाक्षरे खरोखर भयानक होती. हे मला कळायला पुढची वीस वर्षे जावी लागली. पेंटरांविषयी वाचू लागलो तेव्हा आमचे मालक भिंग घेऊन पुन्हा समोर उभे राहिले.

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही अशीच होती. १९१७-१८ च्या सुमारास तिची उभारणी झाली. तानीबाई कागलकरांनी पैशाची मदत केली, शाहू महाराजांचा आश्रय होता. आनंदराव आणि बाबूराव हे दोघे मेस्त्री बंधू नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाच्या वेडाला लागले होते. आनंदराव १९१६ साली वारले आणि स्वतःचा कॅमेरा बनवायचे अर्धवट राहिलेले काम बाबूरावांनी पुढे नेले. त्यात त्यांच्या बरोबरीने राबले विष्णुपंत दामले. हे नाव लक्षात ठेवावे. कॅमेरा घडवणाऱ्या हातांपैकी एक जोडी दामल्यांची होती. पण कंपनी पेंटरांची होती. दृश्य कसे दिसावे, वेश कसा असावा, प्रकाश कुठून यावा, हे सगळे एकाच डोळ्यातून उतरत असे. फत्तेलाल, दामले, शांताराम, केशवराव धायबर हे सगळे त्यांचे शिष्य. घरातच गुरुकुल, त्यातून जे शिकायला मिळाले ते आणखी कुठेही मिळाले नसते. पण गुरुकुलात गुरूला 'नाही' म्हणायची सोय नसते. १९२९ साली या मंडळींना 'नाही' म्हणायचे होते तेव्हा त्यांना बाहेरच पडावे लागले.

१ जून १९२९ ला त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. पाच भागीदार : शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सराफी पेढीवाले सीतारामपंत कुलकर्णी. प्रभातबद्दल इतके लिहिले गेले आहे, पण या पाचांच्या रचनेकडे पुरेसे लक्ष गेले आहे असे मला वाटत नाही. दिग्दर्शनात शांताराम. कॅमेऱ्यात धायबर. नेपथ्य आणि वेशभूषेत फत्तेलाल. यंत्रे आणि प्रयोगशाळा दामल्यांकडे. हिशोब कुलकर्ण्यांकडे. प्रत्येकाकडे एक असा हुन्नर होता जो उरलेल्या चौघांना तितका येत नव्हता, आणि प्रत्येकाचा कंपनीत वाटा होता. म्हणजे कुणालाही दुसऱ्याच्या अज्ञानावर पांघरूण घालायची गरज नव्हती आणि कुणाला गप्प बसवणेही सोपे नव्हते.

बोलपटाचा धक्का अशा रचनेवर आदळला तेव्हा काय झाले? ध्वनीचे यंत्र आणायचे तर पैसा हवा. पेंटरांना त्यासाठी आश्रयदात्याकडे किंवा सावकाराकडे जावे लागले असते. प्रभातमध्ये पैसा घालणारा माणूस रोज स्टुडिओत बसत होता. यंत्र आले तर ते शिकणार कोण? दामले. ज्या माणसाने एकदा कॅमेरा उघडून पुन्हा जोडलेला आहे, त्याला मायक्रोफोनची आणि ध्वनीच्या पट्टीची भीती किती वाटणार? प्रभातच्या सुरुवातीच्या बोलपटांचे ध्वनिमुद्रण त्यांचेच. आणि यातला सगळ्यात नाजूक भाग असा की, दृश्य कधी सुरू करायचे आणि कधी पुन्हा घ्यायचे, हे आता दिग्दर्शकाच्या बरोबरीने कानाला यंत्र लावून बसलेला माणूसही ठरवू लागला. शांतारामांसारख्या तापट आणि हुकमी स्वभावाच्या दिग्दर्शकाने हे चालवून घेतले. दामले जर पगारी नोकर असते तर चालवून घेतले असते का? मला शंका आहे. ते भागीदार होते, म्हणून निमूट बसणे भाग होते.

बोलायचे कसे आणि गायचे कसे, हे मूकपटवाल्यांना ठाऊक नव्हते. ते त्यांनी ज्याला ठाऊक होते त्याच्याकडून घेतले. 'अयोध्येचा राजा'चे संगीत आणि हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंब्यांची. हे टेंबे म्हणजे १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढणाऱ्या तिघांपैकी एक. तारामतीच्या भूमिकेत आल्या दुर्गा खोटे, शिकलेल्या, सुखवस्तू घरातल्या. त्या काळी हे धाडसच. भाषेच्या भिंतीवर तोडगा म्हणून प्रत्येक चित्रपट दोनदा काढायचा, आधी एका भाषेत, लगेच दुसऱ्या भाषेत, लागले तर नट बदलून. १९३४ च्या 'अमृतमंथन'मधला राजगुरू मराठीत केशवराव दाते आणि हिंदीत चंद्रमोहन. खर्च वाढला, पण कोल्हापुरातून निघालेल्या कंपनीला हिंदुस्थानची बाजारपेठ परत मिळाली.

चुकाही झाल्या. १९३३ साली त्यांनी 'सैरंध्री' रंगीत काढायचा घाट घातला. नाव गुरूच्या पहिल्या चित्रपटाचेच. रंगीत प्रती करण्याचे काम जर्मनीत झाले, शांताराम स्वतः तेथे गेले, आणि हाती आले ते पाहून सगळ्यांचे चेहरे पडले असणार. रंग फसले होते. एवढ्या मोठ्या आपटीने एखादी कंपनी बसली असती, निदान ज्याची कल्पना त्याच्या माथी खापर फुटले असते. येथे तसे काही झाल्याचे दिसत नाही. शांतारामांनी जर्मनीत पाहिलेली प्रकाशयोजना आणि नवी भिंगे यांचा उपयोग लगेच पुढच्या वर्षी 'अमृतमंथन'मध्ये झाला. राजगुरूचा पडदाभर डोळा तेथूनच आला. त्याच वर्षी, १९३३ मध्ये, कंपनीने कोल्हापूर सोडून पुण्यात एरंडवण्याला बस्तान हलवले होते.

आता गंधर्व मंडळीकडे वळू. तिथे तीन मालक होते, पण फार काळ नव्हे. टेंबे दोनेक वर्षांतच बाहेर पडले, पुढे बोडसही गेले. उरले एकटे नारायणराव, आणि त्यांच्यावर जीव ओवाळून टाकणारा महाराष्ट्र. मखमलीचे पडदे, भरजरी शालू, अत्तराचे फवारे, साथीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला. कर्ज झाले तेव्हा तेही त्यांनी एकट्याने अंगावर घेतले आणि फेडले. या सगळ्यात माणूस म्हणून ते फार मोठे दिसतात. पण 'नारायणराव, शालू नवा नको, आधी हिशोब बघा' असे ज्याने म्हणावे आणि म्हटलेले ज्यांनी ऐकावे, असा माणूस मंडळीत उरला नव्हता.

बोलपटाशी त्यांनी जुळवून घेतलेच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. १९३५ साली ते प्रभातमध्ये गेले. 'धर्मात्मा'त त्यांनी एकनाथांची भूमिका केली, म्हणजे चक्क पुरुषभूमिका. आधी चित्रपटाचे नाव 'महात्मा' होते, ते सेन्सॉरने बदलायला लावले. प्रयोग धाडसाचा होता. पण लोकांना एकनाथ नको होते; त्यांना सिंधू हवी होती, रुक्मिणी हवी होती, भामिनी हवी होती. प्रभातबरोबरची भागीदारी त्या एका चित्रपटावरच थांबली. दोन वर्षांनी ते पेंटरांबरोबर 'साध्वी मीराबाई'त पुन्हा स्त्रीवेषात उभे राहिले. रंगभूमीवर दहाव्या रांगेतून जो भास टिकत असे, तो कॅमेऱ्यासमोर टिकणे अशक्य होते. एव्हाना पडद्यावर खऱ्याखुऱ्या स्त्रिया आल्या होत्या.

याच्या शेजारी विष्णुपंत पागनीसांना ठेवून पाहावे. तेही रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गायक नट. 'धर्मात्मा'नंतर एका वर्षाने, १९३६ साली, प्रभातच्याच 'संत तुकाराम'मध्ये ते तुकोबा झाले आणि लोक थिएटरात हात जोडू लागले. मुंबईत तो चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. एक स्त्रीभूमिकांचा नट संत झालेला लोकांना चालला, दुसरा चालला नाही. अभिनयाचा फरक असेल, नाही असे नाही. पण पागनीसांवर कुणाचे तेवढे प्रेम नव्हते, ही त्यांची मोकळीक होती. बालगंधर्वांना त्यांच्या चाहत्यांनी बदलू दिले नाही. ज्यांच्या टाळ्यांवर संस्था उभी असते, त्यांना दुखवायची ताकद कुठून आणायची, याचे उत्तर मला आजवर कुणी दिलेले नाही.

'संत तुकाराम'चे दिग्दर्शन शांतारामांचे नव्हते. ते दामले आणि फत्तेलाल यांचे. एक यंत्रांचा माणूस, एक रंग-पडद्यांचा माणूस. कंपनीत शांतारामांसारखा दिग्दर्शक असताना इतर दोघांना दिग्दर्शन करू देणे, आणि त्यांचा चित्रपट आपल्या चित्रपटांहून जास्त गाजलेला पाहणे, हे किती जणांना जमेल? निदान काही वर्षे तरी ते जमले. त्या काळात प्रभातला दोन पाय होते. एकीकडे संतपट आणि 'गोपालकृष्ण'. १९२९ चा आपलाच पहिला मूकपट त्यांनी १९३८ साली बोलका करून पुन्हा काढला. दुसरीकडे 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी'. १९३७ च्या 'कुंकू'त तर पार्श्वसंगीतच नाही. पडद्यावर जे घडते आहे त्याचेच आवाज, बस्स. पाच वर्षांपूर्वी ज्यांना आवाज म्हणजे काय ते शिकायचे होते, ते आता संगीत काढून टाकण्याइतके धीट झाले होते. पेंटरांना आवाजाबद्दल जी भीती होती तिचे खरे उत्तर मला 'कुंकू'त दिसते.

मात्र या कंपनीचे चित्र फार गोड करून चालणार नाही. 'नाही' म्हणायचा अधिकार पाच जणांपुरता होता. 'कुंकू'ची नायिका शांता आपटे, जिने पडद्यावर म्हाताऱ्या नवऱ्याला ठणकावून 'हे मला मान्य नाही' म्हटले, तिला १९३९ साली कराराच्या भांडणात प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसावे लागले. पडद्यावरची नीरा आणि फाटकाशी बसलेली शांताबाई यांच्यात अंतर किती, तर भागीदारीच्या एका कागदाएवढे. पुढच्याच वर्षी तिने 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिले. प्रभातचा इतिहास भागीदारांच्या आठवणींतून वाचताना हे पुस्तक शेजारी असू द्यावे, असे माझे सांगणे आहे.

आणि पाचांची जुळणीही कायमची नव्हती. धायबर मधेच बाहेर पडले. नाव वाढत गेले ते मुख्यतः एकाचे, आणि नाव वाढले की बरोबरीने बसणे दोन्ही बाजूंना जड जाते. १९४२ साली शांतारामबापूंनी प्रभात सोडली आणि मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभारले. तिथे ते एकटे मालक होते. राजकमलने मोठे चित्रपट दिले यात वाद नाही. पण त्या रचनेत दामल्यांच्या खुर्चीवर कोण होते, हा प्रश्न मला पडतो. दामले १९४५ साली गेले. प्रभात त्यानंतरही काही वर्षे रेटत राहिली; १९४६ च्या 'हम एक हैं'मध्ये देव आनंद नावाचा एक नवखा नायक तिने दिला. युद्धानंतरचा काळ स्टुडिओवाल्यांना कठीणच होता, नट आणि पैसा दोन्ही मोकाट सुटले होते. पण हा दुसरा धक्का बसला तेव्हा खोलीत पाच खुर्च्या उरलेल्या नव्हत्या. १९५३ साली कंपनी बंद झाली. त्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

बाबूराव पेंटर मूकपट संपल्यावर गप्प बसून राहिले, हा समजही बरोबर नाही. १९३० च्या 'लंका'नंतर त्यांची कंपनी फार टिकली नाही, पण कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी 'उषा' काढला, 'प्रतिभा' काढला आणि १९३६ साली 'सावकारी पाश' पुन्हा, बोलका करून, काढला. तेव्हा ते दुसऱ्याच्या स्टुडिओत नोकरीवर होते. नंतर चित्र आणि शिल्प यांकडे त्यांचा ओढा परत वळला, तो शेवटपर्यंत. प्रभात बंद पडल्याच्या पुढच्याच वर्षी, जानेवारी १९५४ मध्ये, ते वारले.

कोल्हापुरात खरी कॉर्नरपाशी त्यांच्या कॅमेऱ्याचे स्मारक आहे. भोवती वाहनांची गर्दी असते, फार कुणी वर पाहत नाही. गेल्या वर्षी मी तिथे बराच वेळ उभा होतो. आमच्या छापखान्याचे मालक जाऊन बारा वर्षे झाली. डीटीपीचे दुकान काढलेला तो जुळारी आता साठीपुढचा आहे. त्याच्या मुलाने दुकानात नवी यंत्रे आणायचे काढले आहे आणि याला ती पसंत नाहीत. मी त्याला फोन केला. मुलगा दुकानात तुला काही विचारतो का, असे विचारले. तो हसला आणि म्हणाला, "विचारतो की. पण मी त्याला विचारत नाही."